हेंड्रिक्सच्या मागे राहिलेल्या टेपा आणि पाच तबकड्यांचा संच

खर्ज (धागालेखक)

अमेरिकन गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये वारला, तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. त्याच्या हयातीत स्टुडिओत घडवलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिका केवळ तीन: १९६७ सालच्या 'आर यू एक्स्पीरियन्स्ड' व 'अ‍ॅक्सिस: बोल्ड अ‍ॅज लव्ह' आणि १९६८ सालची 'इलेक्ट्रिक लेडीलँड'. चौथी 'बँड ऑफ जिप्सीज' ही न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात १ जानेवारी १९७० रोजी झालेल्या मैफलीची. मृत्यूनंतर त्याच्या नावावर जे बाहेर आले ते या चारांच्या कितीतरी पट आहे. त्यातलाच एक संच गेले काही महिने माझ्या टर्नटेबलवर आहे आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

'इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओज: अ जिमी हेंड्रिक्स व्हिजन' हा संच ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यात पाच तबकड्या आणि एक ब्लू-रे आहे. एकूण ३९ ध्वनिमुद्रणांपैकी ३८ त्याआधी कधीही प्रसिद्ध झालेली नव्हती. सगळी ध्वनिमुद्रणे जून ते ऑगस्ट १९७० या एकाच उन्हाळ्यातली, आणि मुख्य वाजवणारे तिघे आहेत: गिटारवर हेंड्रिक्स, बेसवर बिली कॉक्स आणि ड्रमवर मिच मिचेल.

हा स्टुडिओ हेंड्रिक्सचा स्वतःचा होता. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेज भागात ५२ वेस्ट एट्थ स्ट्रीट या पत्त्यावरचा एक बंद पडलेला नाइटक्लब त्याने आणि त्याचा व्यवस्थापक मायकल जेफ्री याने मिळून घेतला होता. तिथे पुन्हा क्लबच काढायचा असा मूळ विचार होता. परंतु दुसऱ्यांच्या स्टुडिओंच्या भाड्यापायी हेंड्रिक्सचा जो पैसा जात होता तो पाहता इथे स्टुडिओच उभारावा, हे ध्वनिमुद्रक एडी क्रेमर याने त्यांच्या गळी उतरवले. आराखडा केला जॉन स्टॉरिक या, नुकत्याच पदवी घेऊन बाहेर पडलेल्या तरुण वास्तुविशारदाने. त्या जागेखालून पाण्याचा जुना प्रवाह वाहतो. खोदकाम सुरू होताच पाणी वर आले, पंप लावावे लागले, काम महिनोन्‌महिने लांबले आणि खर्च दहा लाख डॉलरच्या घरात गेला. अखेर वक्राकार भिंती आणि मनाजोगे रंग बदलणारे दिवे असलेली, एका वादकाने स्वतःसाठी बांधून घेतलेली ती खोली तयार झाली. २६ ऑगस्ट १९७० रोजी उद्घाटनाची मेजवानी झाली आणि लगेचच हेंड्रिक्स आइल ऑफ वाइटच्या महोत्सवासाठी इंग्लंडला निघाला. तो त्या खोलीत परत आलाच नाही.

म्हणजे आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते घर त्याला जेमतेम तीन महिने लाभले, तेही बांधकाम पुरते आटोपण्याआधीपासून धरले तर. हा संच म्हणजे त्या तीन महिन्यांची रोजनिशी आहे. एकेका गाण्याची वेगवेगळी आवर्तने (टेक), मध्येच थांबलेली, एका गाण्यातून दुसऱ्यात सहज शिरलेली, कुठे शब्द अजून सुचलेले नाहीत म्हणून केवळ वाद्यांवर चाललेली. आपल्याकडे ख्यालाची बंदिश मांडताना गायक जसा एखादी जागा दोनतीनदा वेगवेगळ्या वाटेने घेऊन पाहतो, तसे हेंड्रिक्स इथे पाहताना दिसतो. फरक एवढाच, की हे श्रोत्यांसमोर नाही, बंद दाराआड आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. नव्वदीच्या दशकात पुण्यात जुन्या रेकॉर्डींच्या ढिगात मला 'क्रॅश लँडिंग' मिळाली होती. १९७५ साली निघालेली ती ध्वनिमुद्रिका मी वर्षभर जीव ओवाळून ऐकली. गिटारच्या मागे बेस किती घट्ट बसला आहे आणि ड्रमवाला हेंड्रिक्सचा प्रत्येक श्वास कसा ओळखतो, हे मी मित्रांना मोठ्या तोंडाने सांगत असे. पुढे वाचनात आले, की ते बेसवादक आणि ड्रमवादक हेंड्रिक्सच्या सोबत ध्वनिमुद्रणाच्या खोलीत कधी नव्हतेच. तेव्हा टेपांचा ताबा असलेले निर्माते अ‍ॅलन डग्लस यांनी मूळ साथीदारांचे वादन बाजूला सारून, हेंड्रिक्सच्या मृत्यूनंतर चारेक वर्षांनी, स्टुडिओतील व्यावसायिक वादकांकडून नवे वादन भरून घेतले होते. काही गाण्यांच्या सहलेखनाचे श्रेयही त्यांनी स्वतःकडे घेतले. ती ध्वनिमुद्रिका अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली. मला जे एकमेकांना ओळखणे वाटत होते, ते एकाच बाजूने होते. जिवंत माणसे मृताच्या वादनाला अनुसरत होती आणि मृताला त्यांना उत्तर देता येत नव्हते. हे कळल्यानंतर ती तबकडी मी पुन्हा लावू शकलो नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की मागे राहिलेले काम प्रसिद्ध करायला माझी हरकत नाही. परंतु जे अपुरे आहे ते अपुरे म्हणूनच यावे, आणि कुठले वादन कधीचे व कुणाचे ते ऐकणाऱ्याला स्पष्ट कळावे. नव्या संचाने हे बऱ्याच अंशी पाळले आहे. आपणा सर्वांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

तिसरा प्रहर

लेख अतिशय मनापासून लिहिला आहे, परंतु मला मूळ गृहीतकच मान्य होत नाही. हेंड्रिक्स हा अपुरे काम जगाला दाखवणारा वादक नव्हता. 'इलेक्ट्रिक लेडीलँड'मधील 'जिप्सी आइज' या गाण्याची पन्नासच्या आसपास आवर्तने त्याने वाजवली. त्याला इंग्लंडला नेऊन नावारूपाला आणणारा निर्माता चास चँडलर या अशाच न संपणाऱ्या बैठकींना कंटाळून १९६८ साली त्याला सोडून गेला. ज्या माणसाने आपल्या निर्मात्याला गमावणे पत्करले पण एकोणपन्नासावे आवर्तन पुरेसे मानले नाही, त्याची सातवी किंवा बारावी आवर्तने आज आपण डोळे मिटून, माना डोलावत ऐकतो. ती त्याने नाकारलेली होती. नाकारणे हादेखील कलावंताचा निर्णय असतो आणि तो त्याच्या सुरांइतकाच त्याचा असतो.

आपल्याकडे केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत किती कडक होत्या हे सर्वज्ञात आहे. रेडिओपासून त्या दूर राहिल्या आणि आपले काय मागे राहावे हे त्यांनी स्वतः ठरवले. उद्या त्यांच्या रियाजाची एखादी टेप सापडली, तर ती मी ऐकेन का? मोह होईल हे कबूल करतो, पण ती बाजारात विकली जाऊ नये असेच म्हणेन.

आठवा ट्रॅक

मी जवळपास वीस वर्षे मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम केले आहे, त्यापैकी सुरुवातीची काही वर्षे टेपवर. त्यामुळे या वादातील एक बाजू, जी तांत्रिक आहे पण निव्वळ तांत्रिक नाही, ती मांडतो.

हेंड्रिक्सची पहिली ध्वनिमुद्रिका चार ट्रॅकच्या यंत्रांवर झाली. चारच मार्गिका असल्या, की त्या भरल्यावर त्यांचे मिश्रण करून दुसऱ्या टेपवर एकदोन मार्गिकांत उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुढचे वादन घ्यायचे, अशी पद्धत होती. एकदा मिसळलेले ड्रम आणि बेस पुन्हा वेगळे करता येत नसत. म्हणजे निर्णय तिथल्या तिथे, वादक समोर असतानाच घ्यावे लागत आणि ते कायमचे होत. १९६९-७० पर्यंत दोन इंच रुंदीच्या टेपवर १६ मार्गिका आल्या. आता गिटारचे तीन पदर, गळा, बेस आणि ड्रमचे चारपाच मायक्रोफोन, सगळे आपापल्या पट्टीवर वेगळे राहू लागले आणि 'हे नंतर ठरवू' असे म्हणण्याची सोय झाली. हेंड्रिक्ससारख्या माणसाला ती वरदानासारखी वाटली असणार. परंतु ठरवायला तो राहिला नाही, आणि ठरवण्याचा अधिकार टेपा ज्याच्या ताब्यात त्याच्याकडे गेला. 'क्रॅश लँडिंग' चार ट्रॅकच्या जमान्यात करताच आली नसती.

मात्र एक दुरुस्ती सुचवतो. मूळ साथीदारांचे वादन नष्ट झाले असा समज अनेकांचा आहे, तो बरोबर नाही. २०१३ सालच्या 'पीपल, हेल अँड एंजल्स'मध्ये 'क्रॅश लँडिंग' हेच शीर्षकगीत १९६९ सालच्या मूळ साथीसह, म्हणजे बिली कॉक्सच्या बेससह, आले आहे. दोन्ही लागोपाठ ऐकून पाहावीत. १९७५ च्या आवृत्तीत ताल घड्याळासारखा नेमका आहे. मूळ आवृत्तीत तो किंचित सैल आहे, साथ कुठे कुठे चाचपडते, आणि तिला सावरून घेण्यासाठी हेंड्रिक्स स्वतःची लय थोडी जड करतो. १९७५ मध्ये ते जडपण तसेच राहिले आहे, पण ज्याच्यासाठी तो थांबला तो साथीदार तिथे नाही.

खर्ज यांना जो प्रामाणिकपणा अपेक्षित आहे, तो मला या एका जागेत ऐकू येतो.

रेनटनकर

नमस्कार. मी सिएटलजवळच्या रेनटन गावात राहतो. हेंड्रिक्सचा जन्म सिएटलचा आणि त्याची समाधी आमच्या गावातल्या ग्रीनवुड दफनभूमीत आहे. ग्रॅनाइटचा मोठा घुमट, खाली तीन खांब, आत त्याचा चेहरा आणि त्याच्या हस्ताक्षरातील ओळी. भारतातून पाहुणे आले आणि त्यांतल्या कुणी गिटारला हात लावलेला असला, की मी त्यांना तिथे नेतोच. तिथल्या दगडावर गिटारच्या नख्या, म्हणजे ते छोटे प्लेक्ट्रम, कायम ठेवलेले दिसतात. आपल्याकडे समाधीवर फुले वाहावीत, तसेच.

मालकीची बाजू थोडी सांगतो, कारण ती लक्षात घेतल्याशिवाय ही चर्चा अधुरी राहील. हेंड्रिक्सने मृत्युपत्र केले नव्हते. वारसा वडिलांकडे, अल हेंड्रिक्स यांच्याकडे गेला. ते बागकामाचा व्यवसाय करणारे गृहस्थ होते आणि कराराच्या भाषेशी त्यांचा काही संबंध नव्हता. सुरुवातीला सगळी सूत्रे व्यवस्थापक जेफ्रीच्याच हाती होती. १९७३ साली फ्रान्समध्ये दोन विमानांची टक्कर होऊन तो मृत्युमुखी पडला आणि त्यानंतर डग्लस यांचे पर्व सुरू झाले. ते वीस वर्षे चालले. १९९३ साली अल यांनी दावा लावला, मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी त्यांना आर्थिक साहाय्य केले आणि १९९५ मध्ये हक्क कुटुंबाकडे परत आले. तेव्हापासून अल यांची मुलगी जेनी हेंड्रिक्स, जॉन मॅकडरमॉट आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर हे त्रिकूट हे काम पाहते. आज ज्या संचाची आपण चर्चा करीत आहोत तो याच कुटुंबाच्या कंपनीचा.

पॉल अ‍ॅलन यांनीच उभारलेल्या इथल्या संगीत संग्रहालयात मी एकदा बराच वेळ एका काचेसमोर उभा होतो. हेंड्रिक्सने हाताने लिहिलेले कागद होते. खोडलेले शब्द, बाणाने वर नेलेली ओळ, समासात पुन्हा लिहिलेला एकच शब्द. तिसरा प्रहर, आपला युक्तिवाद मला पटत होता, पण त्या काचेसमोर मला क्षणभरही वाटले नाही की मी त्याचा काही अपराध करतो आहे. आपले गाणे कसे घडते याची त्याला लाज वाटत असावी, असे त्या कागदांत कुठेच दिसले नाही.

खर्ज

आठवा ट्रॅक, आपल्या प्रतिसादाने माझी एक जुनी समजूत दुरुस्त झाली, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. काल रात्री दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐकल्या. ते 'थांबणे' आता मला ऐकू येते, आणि एकदा ऐकू आल्यावर ते टाळता येत नाही.

तिसरा प्रहर, आपला मुद्दा मी हलक्यात घेत नाही. पण 'नाकारलेले' आणि 'अजून न ठरलेले' यांत भेद करायला हवा असे मला वाटते. 'जिप्सी आइज'ची जी आवर्तने त्याने १९६८ साली मागे टाकली ती नाकारलेली होती, कारण निवडलेले आवर्तन त्याने स्वतः प्रसिद्ध केले. १९७० च्या उन्हाळ्यातील गाण्यांचे तसे नाही. पुढची ध्वनिमुद्रिका दोन तबकड्यांची असावी असे त्याच्या मनात होते. कोणती गाणी घ्यायची याच्या याद्या त्याने लिहून ठेवल्या होत्या, आणि त्या याद्यांत बदलही होत होते. निवड चालू असतानाच तो गेला. त्यामुळे यातले काय त्याने टाकले असते आणि काय ठेवले असते हे सांगण्याचा अधिकार जसा मला नाही, तसा आपल्यालाही नाही.

आणखी एक प्रसंग आठवतो. 'अ‍ॅक्सिस'च्या वेळी पहिल्या बाजूची अंतिम मिश्रित टेप हेंड्रिक्स लंडनच्या एका टॅक्सीत विसरला आणि ती कधीच सापडली नाही. मग त्याने, चँडलरने आणि क्रेमरने बसून ती संपूर्ण बाजू जवळपास एका रात्रीत पुन्हा मिश्रित केली. एक गाणे काही केल्या पूर्वीसारखे जमेना, तेव्हा बेसवादक नोएल रेडिंगच्या घरी असलेली त्याची प्रत आणली. ती सुरकुतलेली होती म्हणून इस्त्री फिरवून सपाट केली आणि तीच वापरली. आज आपण जे 'अंतिम' म्हणून पूजतो ते असे घडले आहे. त्याच्या हयातीतसुद्धा अंतिम ही गोष्ट इतकी ठिसूळ होती.

जुनी सुई

संगीतापेक्षा वस्तूविषयी लिहितो, कारण धागा तबकड्यांचा आहे.

माझा संच परदेशातील एका दुकानातून मागवला होता. खोका नीट होता, पण तिसरी तबकडी बाहेर काढून प्रकाशात आडवी धरली तर कडेला स्पष्ट लाट दिसली. लावल्यावर सुई प्रत्येक फेऱ्यात होडीसारखी वर जायची आणि खाली यायची. पहिल्या गाण्यात तर स्वर किंचित डोलतो असा भास होत होता. बदलून मागण्याचा पत्रव्यवहार महिनाभर चालला आणि काही निष्पन्न झाले नाही. अखेर दोन जाड काचांमध्ये तबकडी ठेवून, वर पुस्तकांचे वजन देऊन, ऐन उन्हाळ्यात पंधरा दिवस कपाटात ठेवली. लाट पूर्ण गेली नाही, परंतु सुई आता शांतपणे चालते. ऊन दाखवण्याचा सल्ला काही जण देतात, तो कृपा करून कुणी मानू नये.

एवढा खटाटोप का, असे घरचे विचारतात. तीन सीडींच्या खोक्यात तेच सगळे मिळते. माझे उत्तर असे की पाच तबकड्या म्हणजे दहा बाजू, आणि ३९ ध्वनिमुद्रणे दहा बाजूंवर विभागली की एका बाजूला साधारण चार येतात. चार झाली की उठावे लागते. ही तालमीची ध्वनिमुद्रणे सलग दोन तास ऐकली तर ती एकमेकांत मिसळून जातात, कंटाळाही येतो. चार ऐकून उठले, बाजू उलटली, की कान पुन्हा ताजा होतो. स्टुडिओत तेही असेच मध्ये मध्ये थांबत असतील.

आठवा ट्रॅक

जुनी सुई यांच्या म्हणण्याला पुस्ती जोडतो. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे या एकाच गतीने फिरते, पण सुईखालून सरकणारी खाच सगळीकडे सारख्या वेगाने सरकत नाही. बाहेरच्या कडेला ती सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर जाते आणि आत, लेबलजवळ, जेमतेम २० ते २१. म्हणजे तेवढ्याच सेकंदाचे संगीत आत गेल्यावर निम्म्याहून कमी जागेत कोरावे लागते, आणि झांजेचा चकाकता नाद किंवा फझ (आवाज खरखरीत करणारे उपकरण) लावलेल्या गिटारची धार तिथे बोथट होऊ लागते. म्हणून बाजू लांबवत नाहीत. वीस-बावीस मिनिटांवर थांबणे बरे असते. खालच्या सुरांचेही तसेच. खोल नाद खाचेला रुंद वळणे घ्यायला लावतात आणि जागा खातात, म्हणून कोरताना हे नाद कमी करतात व ऐकताना प्रीअँप (सुईचा क्षीण संकेत वाढवणारे उपकरण) ते पूर्ववत करतो. पाच तबकड्या ही निव्वळ चैन नाही, हे यावरून लक्षात यावे. हेच सगळे तीन तबकड्यांत कोंबले असते तर बिली कॉक्सचा बेस पहिला मारला गेला असता.

आता खर्ज यांच्या मूळ मुद्द्यावर एक अडचणीची गोष्ट मांडतो. कुटुंबाच्या कंपनीनेच २०१० साली काढलेल्या 'व्हॅलीज ऑफ नेपच्यून'मधील काही गाण्यांत मिच मिचेल आणि नोएल रेडिंग यांनी १९८७ साली, चास चँडलरच्या देखरेखीखाली, नव्याने भरलेले वादन आहे. म्हणजे मृत्यूनंतर सतरा वर्षांनी. माणसे परकी नव्हती, त्याचेच मूळ साथीदार होते. मग हे चालेल आणि १९७५ चे चालणार नाही, हे कोणत्या न्यायाने? शिवाय डग्लस यांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. १९९४ चा 'ब्लूज' हा संग्रह त्यांनीच निवडला, तो अनेकांना आवडतो, आणि हक्क परत मिळाल्यावर कुटुंबाने तो पुन्हा प्रसिद्धही केला. त्यांच्या कानाला काही कळत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल.

खर्ज

अडचण खरी आहे आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही.

त्याहूनही अवघड उदाहरण मीच देतो. मार्च १९७१ मध्ये आलेली 'द क्राय ऑफ लव्ह', जी मी या सगळ्या मृत्यूत्तर ध्वनिमुद्रिकांत सर्वांत वर ठेवतो, तीसुद्धा निर्भेळ नाही. ती क्रेमर आणि मिचेल यांनी मिळून पूर्ण केली. 'एंजल'साठी मिचेलने हेंड्रिक्स गेल्यानंतर ड्रम पुन्हा वाजवले, 'ड्रिफ्टिंग'मध्ये बझी लिनहार्टचा व्हायब्राफोन नंतर आला, आणि 'माय फ्रेंड' हे गाणे तर १९६८ सालचे आहे. माझा नियम काटेकोरपणे लावला तर ही ध्वनिमुद्रिकाही बाद ठरेल.

आठवडाभर यावर विचार केला. 'एंजल' पुन्हा पुन्हा ऐकले. मिचेल तिथे हेंड्रिक्सच्या गिटारभोवती झांजा कशा हलक्या ठेवतो, ते ऐकताना जाणवते की जी गोष्ट त्या दोघांनी उन्हाळ्यात मिळून सुरू केली होती, तीच तो शरद ऋतूत एकटा पुढे नेत होता. महिन्याभरापूर्वी ज्याच्याशी बोलला, त्याला काय हवे होते हे त्याच्या हातांना ठाऊक होते. १९८७ मध्ये तेच हात होते, पण मधल्या सतरा वर्षांत हातांनीही बरेच विसरले असणार. ती गाणी मला कोरडी वाटतात. १९७५ मध्ये हातच दुसरे होते. म्हणजे माझा नियम मी बदलतो. कोण होते यासोबतच, ते त्या कामाच्या किती जवळ होते हेही पाहायला हवे. हे मोजमाप सैल आहे हे मला मान्य आहे. प्रत्येक ध्वनिमुद्रणापुढे बसून कानाने ठरवावे लागेल.

तिसरा प्रहर

या धाग्यावर इतक्या संयमाने चर्चा झाली याबद्दल सर्वांचे आभार मानतो. माझे मत बदललेले नाही, परंतु 'नाकारलेले' आणि 'न ठरलेले' हा भेद माझ्या युक्तिवादात नव्हता आणि तो असायला हवा होता, हे मान्य करतो. ध्वनिमुद्रणांमधील बोलणी, मध्येच थांबणे, हसणे हे विक्रीसाठी ठेवण्याबाबत मात्र माझा आक्षेप कायम आहे. ते संगीत नाही. ते त्या खोलीतील माणसांचे खासगी आयुष्य आहे.

रेनटनकर

हेंड्रिक्सच्या या तीन साथीदारांपैकी आज फक्त बिली कॉक्स हयात आहेत. नोएल रेडिंग २००३ मध्ये गेले, मिच मिचेल २००८ मध्ये. कॉक्स हे हेंड्रिक्सचे सैन्यातील दिवसांपासूनचे मित्र. १९६१-६२ च्या सुमारास एका सैनिकी क्लबच्या खिडकीतून त्यांना हेंड्रिक्सची गिटार ऐकू आली आणि ते आत गेले, असे ते नेहमी सांगत आले आहेत. त्या खोलीतील खासगी आयुष्याविषयी बोलण्याचा अधिकार आता त्यांनाच आहे, आणि त्यांनी या स्टुडिओविषयीच्या माहितीपटात मोकळेपणाने त्या दिवसांबद्दल सांगितले आहे. तिसरा प्रहर, एवढे आपल्या विचारार्थ.

कोरी पाटी

मी हेंड्रिक्स फारसा ऐकलेला नाही. या धाग्यामुळे ऐकण्याची फार इच्छा झाली आहे. सुरुवात या पाच तबकड्यांपासून करावी का, की आधी दुसरे काही ऐकावे? माझ्याकडे वडिलांचा जुना रेकॉर्ड प्लेअर आहे आणि तो नुकताच दुरुस्त करून घेतला आहे.

खर्ज

कोरी पाटी, या संचापासून सुरुवात करू नका. घर पाहिलेले नसताना त्याचा पाया पाहून काही उलगडत नाही. आधी 'इलेक्ट्रिक लेडीलँड' ऐका, चारही बाजू, घाई न करता. मग 'द क्राय ऑफ लव्ह' घ्या. ती एकच तबकडी आहे, दहा गाणी. पहिल्या बाजूवरील 'फ्रीडम'मध्ये गिटारचे किती पदर आहेत ते मोजण्याचा प्रयत्न करा, आणि 'नाइट बर्ड फ्लाइंग'च्या अखेरीस ते पदर एकमेकांत कसे गुंफले जातात ते ऐका. त्यानंतर हा संच लावला, तर तीच गाणी अजून उघडी असताना कशी होती ते आपोआप कळेल.

वडिलांच्या प्लेअरची सुई मात्र आधी बदलून घ्या. झिजलेली सुई खाचेचे जे नुकसान करते ते परत भरून येत नाही.

आणि 'द क्राय ऑफ लव्ह'ची दुसरी बाजू शेवटपर्यंत ऐका, मध्येच उठू नका. शेवटचे गाणे 'बेली बटन विंडो'. जन्माला न आलेले मूल आईच्या बेंबीच्या खिडकीतून बाहेरच्या जगाकडे पाहते आणि इथे यावे की नाही याचा विचार करते, असे ते गाणे आहे. मिचेलच्या घरी तेव्हा बाळ यायचे होते. २२ ऑगस्ट १९७० रोजी, उद्घाटनाच्या चार दिवस आधी, हेंड्रिक्सने ते आपल्या नव्या स्टुडिओत एकट्याने ध्वनिमुद्रित केले. केवळ त्याची गिटार आणि त्याचा आवाज, आणि शेवटी थोडी शीळ. ड्रम नाहीत, बेस नाही. पुढे तबकडी पूर्ण करताना मिचेल त्याच खोलीत होता, ड्रम लावलेले होते, क्रेमर यंत्रावर बसलेला होता, टेपवर मार्गिकाही रिकाम्या होत्या. त्या गाण्यात त्यांनी काहीही भरले नाही.